पहिलं जपानी सोन्याचं निब घेताना

फाउंटन पेनचं जपानी निब युरोपीय निबापेक्षा साधारण एक माप बारीक असतं, म्हणून वहीवर रोज लिहायचं तर एम (मध्यम) घ्या. मात्रा-वेलांट्या बारीक हव्या असतील तरच एफ (बारीक). पायलट कस्टम ७४ आणि प्लॅटिनम ३७७६ सेंच्युरी, या दोन्ही पेनांचं निब १४ कॅरेट. आठवडाभर पेन पडून राहणार असेल तर प्लॅटिनमच बरं. त्याच्या टोपणातली आतली झाकणी शाई सुकू देत नाही. सेलर या तिसऱ्या जपानी कंपनीचं २१ कॅरेट निब महाग, पण कॅरेट वाढलं म्हणून निब लवचिक होत नाही! तिन्ही कंपन्यांचे कन्व्हर्टर (पेनात शाई भरायच्या नळ्या) एकमेकांत बसत नाहीत. घेताना भिंगातून निबाच्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती समपातळीत आहेत का बघा, नाहीतर खरखर होते. दाबून लिहू नका. पाती फाकली की शाईची धार तुटते.