बॅगेवर शेवटच्या गावाची चिठ्ठी असली, तरी शिकागोला बॅग उचलायचीच

वाचकांचे प्रश्न : परदेश प्रवास

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आम्ही दोघं पहिल्यांदाच अमेरिकेला लेकीकडे निघालोय. मुंबई ते दोहा, दोहा ते शिकागो आणि तिथून डेस मॉइन, असं एकच तिकीट आहे. शिकागोला मध्ये दोन तास दहा मिनिटं मिळतात. तिकीट काढून देणारा म्हणाला, "बॅगा मुंबईत टाका, थेट डेस मॉइनला मिळतील." लेक म्हणते, शिकागोला बॅगा घ्याव्या लागतील. खरं कोणाचं? आणि एवढ्या वेळात पुढचं विमान मिळेल का? ह्यांचे गुडघे दुखतात, रांगेत फार वेळ उभं राहवत नाही.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बाई, लेकीचं खरं आहे.

तिकीटवाल्याचं म्हणणं ऐकून निर्धास्त झालेली माणसं शिकागोत बॅगांच्या पट्ट्याकडे न बघता पुढे जातात, आणि त्यांच्या बॅगा मागेच राहतात. मुंबईत बॅगेला जी चिठ्ठी लावतात, तिच्यावर डेस मॉइनचं नाव असेल, 'डी एस एम' अशी अक्षरं असतील. ती चिठ्ठी विमान कंपनीच्या कामाची. अमेरिकेचा नियम वेगळा आहे. त्या देशात ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं, तिथेच माणसाची इमिग्रेशन, म्हणजे पासपोर्ट-व्हिसाची तपासणी आणि तिथेच सामानाचं कस्टम्स, म्हणजे सीमाशुल्काची तपासणी. पुढचं विमान देशांतर्गत, मग त्या टोकाला कोण तपासणार? म्हणून शिकागोला बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पुन्हा विमान कंपनीच्या ताब्यात द्यायच्या. दोह्यात मात्र यातलं काहीच नाही. तिथे इमिग्रेशन नाही, बॅगाही घ्यायच्या नाहीत, फक्त हातातलं सामान पुन्हा मशीनमधून जातं. पाण्याची बाटली त्याआधी रिकामी करा.

आता शिकागोचा क्रम सांगतो. कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, कारण चौदा-पंधरा तासांच्या विमानानंतर डोकं जड झालेलं असतं.

कतारहून येणारं विमान ओहेअर विमानतळाच्या टर्मिनल ५ ला लागतं. उतरल्यावर सगळे जिकडे चालतात तिकडे चाला, ती वाट इमिग्रेशनच्या दालनात जाते. तिथे अमेरिकन नागरिकांची रांग वेगळी, तुम्ही पाहुण्यांच्या, म्हणजे व्हिजिटर्सच्या रांगेत. दोघांनी एकत्रच खिडकीशी जायचं, एका घरातल्या माणसांना एकत्र बोलावतात. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. प्रश्न साधे असतात: कशासाठी आलात, कोणाकडे उतरणार, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट आहे का. विचारलं तेवढंच आणि खरं सांगा. लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर हवाच, मोबाइलमध्ये असून भागत नाही, कारण त्या दालनात मोबाइल वापरायला मनाई असते. लेकीला आधीच सांगून ठेवा की उतरल्यावर तासभर आमचा फोन लागला नाही तर घाबरू नकोस. इंग्लिश समजलं नाही तर "हिंदी, प्लीज" म्हणा. फोनवरून दुभाषी देण्याची त्यांच्याकडे सोय असते. न समजता मान डोलावू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. उत्तर चुकीचं गेलं की त्याचं निस्तरणं लांबतं.

एखाद्याला बाजूच्या खोलीत बसवतात आणि आणखी चौकशी करतात. तसं झालं तर गुन्हा केल्यासारखं वाटून घेऊ नका. तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. विमान चुकेल ही भीती मात्र तिथल्या अधिकाऱ्याला शांतपणे सांगा आणि पुढचा बोर्डिंग पास दाखवा.

तिथून बॅगांच्या पट्ट्याकडे. काळ्या बॅगांच्या गर्दीत आपली ओळखणं हाच वेळखाऊ भाग असतो, म्हणून प्रत्येक बॅगेच्या मुठीला जुन्या सोलापुरी चादरीची रंगीत पट्टी घट्ट बांधा. लांबून दिसते, आणि दुसऱ्या कोणाच्या बॅगेला तसली पट्टी असणार नाही.

मग कस्टम्स. आपल्याकडची मंडळी इथे सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खाण्याचं काहीही बरोबर असेल तर "हो, आहे" असंच सांगायचं. सांगितल्याने दंड होत नाही. न चालणारी वस्तू फार तर काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर दंड होतो. आपली शेंगा चटणी, कडक भाकरी, मेतकूट, मसाले, लोणचं यांना सहसा अडचण नाही. ताजं डाळिंब नेऊ नका, आंबाही नको, मग तो कितीही प्रेमाने बांधलेला असो. आणि बाई, ताजा कढीपत्ता पूर्ण बंद आहे. ते झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. त्याच्या पानांवरचे बारीक कीटक तिथल्या संत्र्यांच्या बागांना घातक रोग लावतात. लेकीने मागितला तरी देऊ नका, तिथल्या भारतीय दुकानात मिळतो. मांसाचे पदार्थ नकोत, पेरणीचं बियाणंही नको. ज्वारी न्यायचीच असेल तर पीठ करून न्या.

शेंगा चटणी मोठ्या बॅगेतच ठेवा. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात साडेतीनशे मिलिलिटरच्या डब्याहून जास्त पूड असली की ती उघडून तपासतात, नाहीतर ठेवूनच घेतात. दोह्याच्या मशीनपाशी डबा उघडून बसायची वेळ यायला नको.

कस्टम्सचा दरवाजा ओलांडला की 'कनेक्टिंग फ्लाइट्स' किंवा 'बॅगेज रीचेक' अशी पाटी शोधायची. समोर नावांच्या पाट्या घेऊन उभी असलेली माणसं दिसतील. त्यांच्या मागे बाहेर निघून जायचं नाही. रीचेकला चिठ्ठी तीच राहते. कर्मचारी डी एस एम वाचतो आणि बॅग पट्ट्यावर टाकतो. देण्याआधी हातातल्या पिशवीत दुकानातून घेतलेलं अत्तर किंवा कसलीही शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली असेल तर ती मोठ्या बॅगेत सरकवा, कारण पुढे पुन्हा सुरक्षा तपासणी आहे आणि तिथे ती काढून घेतात.

तुमचं पुढचं विमान 'अमेरिकन एअरलाइन्स' या कंपनीचं असेल तर ते बहुधा टर्मिनल ३ वरून सुटेल. टर्मिनल ५ हून तिथे विमानतळाची आतली छोटी रेल्वे जाते, भाडं नाही. उतरलात की सुरक्षा तपासणी, मग गेट. मुंबईत मिळालेल्या तिसऱ्या बोर्डिंग पासवर गेटचा आकडा नसेल, किंवा असला तरी बदललेला असेल. पडद्यावर विमानाचा क्रमांक बघूनच चाला. दार विमान सुटायच्या साधारण पंधरा मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे तुमच्या दोन तास दहा मिनिटांतली तेवढी मिनिटं आधीच वजा.

आता तुमच्या वेळेचं. विमान कंपन्या प्रत्येक विमानतळासाठी किमान जोडवेळ ठरवतात, आणि त्याहून कमी वेळाचं तिकीट एका बुकिंगवर निघत नाही. म्हणजे दोन तास दहा मिनिटं नियमात बसतात. माझ्या मते तुमच्यासाठी ती कमी आहेत. किमान जोडवेळ चालत्या, सरावलेल्या माणसासाठी धरलेली असते. इमिग्रेशनची रांग एखाद्या दिवशी वीस मिनिटांत सरते, एखाद्या दिवशी तासाच्या वर जाते, कारण त्याच वेळी आणखी दोन मोठी विमानं उतरलेली असतात. माझ्याकडे सात रस्त्याजवळ तिकिटाला येणाऱ्या तुमच्या वयाच्या जोडप्यांना पहिल्या खेपेला साडेतीन-चार तास ठेवा असंच मी सांगतो. शिकागोहून डेस मॉइनला दिवसात एकाहून जास्त विमानं असतात. तिकीट बदलता येत असेल तर नंतरचं घ्या. गेटजवळ दोन तास बसून राहायला लागलं तर लागू दे.

सर गुडघ्यांमुळे उभे राहू शकत नाहीत, म्हणून व्हीलचेअर मागाच. प्रवासाच्या किमान दोन दिवस आधी विमान कंपनीला कळवा, त्याचे पैसे लागत नाहीत. मुंबई, दोहा आणि शिकागो तिन्ही ठिकाणची नोंद झाली का, हे बुकिंगवर स्वतः वाचून घ्या. खुर्ची ढकलणारा माणूस रस्ता माहीत असलेला असतो, बॅगा उचलायला आणि रीचेकला मदत करतो. याचा उपयोग सरांइतकाच तुम्हालाही. यात संकोच कसला? ज्यांच्यासाठी ही सोय ठेवलीय, त्यांनीच ती मागायची.

आणि एवढं करूनही विमान चुकलं तर? एकच तिकीट असल्यामुळे पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम आहे. रीचेकच्या जवळच्या किंवा गेटवरच्या कंपनीच्या काउंटरवर जा, बोर्डिंग पास दाखवा, नवीन पास घ्या. पैसे भरायचे नाहीत. तुम्ही दिलेल्या बॅगाही पुढच्या विमानाने येतात. लेकीला फोन करा आणि काहीतरी खाऊन घ्या.

प्रश्न : मुलगा जर्मनीत शिकतो. जाताना मुंबई-फ्रँकफर्ट-हॅम्बुर्ग, येताना फ्रँकफर्ट-दिल्ली-पुणे आणि मग बसने सोलापूर. दोन्ही वेळा बॅगा कुठे घ्यायच्या?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : जाताना आणि येताना नियम उलटे आहेत, म्हणून गोंधळ होतो. जाताना पासपोर्ट फ्रँकफर्टला तपासतात, कारण शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत शिरण्याचं दार तेच. बॅग मात्र थेट हॅम्बुर्गला मिळते आणि कस्टम्सही तिथेच. त्याला फ्रँकफर्टच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं कारण नाही.

येताना दिल्लीत इमिग्रेशन होतं आणि सामान्यपणे बॅगाही दिल्लीतच घ्याव्या लागतात. टर्मिनल ३ ला पट्ट्यावरून बॅग उचला, काही जाहीर करण्यासारखं नसेल तर ग्रीन चॅनेलने बाहेर या, आणि देशांतर्गत विमानासाठीच्या ट्रान्स्फर काउंटरवर बॅग पुन्हा द्या. काही तिकिटांवर बॅग थेट पुण्याला पाठवण्याची सोय असते. ती तुमच्या मुलाच्या तिकिटावर आहे का, हे फ्रँकफर्टच्या काउंटरवर स्पष्ट विचारून घ्यायला सांगा. पुण्याचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर खरी धावपळ. ते टर्मिनल ३ पासून काही किलोमीटर लांब आहे, मध्ये बसने जावं लागतं. तिकीट काढतानाच दोन्ही टर्मिनलची नावं बघा.

मुलगा वरचेवर ये-जा करणार असेल तर भारत सरकारच्या जलद इमिग्रेशन योजनेत नाव नोंदवावं. २२ जून २०२४ ला ती दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली, नंतर मुंबईसह आणखी विमानतळांवर आली. भारतीय पासपोर्टवाल्यांना शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन, ठसे आणि फोटो एकदाच द्यायचे, मग अधिकाऱ्याच्या खिडकीची रांग टळते. विद्यार्थ्यांच्या सुट्ट्या एकाच वेळी लागतात, त्या गर्दीत याचा मोठा आधार आहे.

प्रश्न : सोलापूरहून आता मुंबईला विमान आहे. तेच पकडून त्याच दिवशी परदेशाचं विमान घ्यावं, की रेल्वेने जावं?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : दोन्ही तिकिटं एका बुकिंगवर आहेत का, ते आधी बघा. वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी परदेशाच्या कंपनीची नाही. तुमचं तिकीट वाया जाईल आणि कोणी दाद लागू देणार नाही. शिवाय मुंबईत बॅग घेऊन टर्मिनल २ ला पुन्हा चेक-इन करायचं, परदेशाच्या विमानाला तीन तास आधी काउंटरवर हवं. म्हणून वेगळ्या तिकिटांवर मी मध्ये निदान सहा-सात तास ठेवायला सांगतो.

रात्री उशिराचं विमान असेल तर सकाळची वंदे भारत सर्वांत चांगली. दुपारी दादरला उतरा आणि टॅक्सीने टर्मिनल २ गाठा, हातात संध्याकाळ असते. सकाळचं किंवा दुपारी लवकरचं विमान असेल तर आदल्या रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसवर विसंबू नका, एक दिवस आधी मुंबई गाठा. पावसाळ्यात तर नक्कीच. घाटात किंवा मुंबईच्या रुळांवर पाणी आलं की कुठल्याच गाडीची खात्री देता येत नाही.