कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्युझिक व्हिडिओ करतोय. नियोजन कसं करावं आणि पहिला कट सुधारायचा कसा?

तुमचा प्रश्न अर्धा वाचून मी पुढे जाणार होते. चौघांची टीम, मित्राचा कॅमेरा, गच्चीवर आणि तलावावर दोन दिवसांचं शूट झालंय, त्यात ड्रोनचे चार शॉट, पहिला कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची जोडणी, सरांना विस्कळीत वाटला, सबमिशनला तीन आठवडे उरलेत. असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की गाण्याचं फायनल रेकॉर्डिंग अजून व्हायचंय आणि 'बाकी एडिटमध्ये बघून घेऊ असं ठरलंय'. हे कुणी ठरवलं? एडिट करणाऱ्याने ठरवलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण त्याने ठरवलेलं नसणार.

मी एडिटर आहे. लग्नं, छोट्या जाहिराती, मधूनमधून एखादं गाणं, यावर माझं घर चालतं. आणि 'एडिटमध्ये बघून घेऊ' हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते कोल्हापुरात, २०१३ च्या डिसेंबरात, मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला.

आम्हीही चौघंच होतो. एक गाणारा, एक कॅमेरावाला, एक दिग्दर्शक आणि एडिटला मी. गाणं म्हणजे बालकवींची कविता, चाल आमच्या गाणाऱ्याची. बालकवी १९१८ मध्येच गेले आणि आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे परवानगीची कटकट नव्हती. हॉस्टेलच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून त्याने गिटारवर कच्चं गाणं रेकॉर्ड केलं. क्लिक, म्हणजे लय धरायला वाजवतात तो ठोका, ९६ बीपीएमचा (मिनिटाला ९६ ठोके), लांबी ३ मिनिटं २० सेकंद. यावर शूट करू, पक्कं गाणं मागाहून स्टुडिओत करू, असं ठरलं. ठरलं तेव्हा मी तिथे नव्हते. मुलींच्या हॉस्टेलला रात्री आठनंतर कुलूप, आणि ह्या मिटिंगा चहाच्या गाडीवर नऊला व्हायच्या.

शूट पंचगंगेच्या घाटावर. आमच्या हॉस्टेलचं गेट सहाला उघडायचं, त्यामुळे मी पोचेपर्यंत पहिला सेटअप लागून गेलेला असायचा. नदीवर धुकं, पाण्यातली ती काळी दगडी देवळं, मागे शिवाजी पूल. कुठेही कॅमेरा ठेवा, फ्रेम छानच दिसणार. तिथेच फसलो. कॅमेरावाल्याने पहिल्या दिवशी सत्तरेक शॉट घेतले आणि त्यातल्या एकाचीही कुठे नोंद नाही. कुठला शॉट गाण्याच्या कुठल्या ओळीचा, कुठला टेक ओके, कुठला एनजी म्हणजे बाद, काहीच नाही. मी वही काढली तर म्हणाला, "अगं सोड ते, फुटेजमध्ये दिसतंय की सगळं."

मग त्याला मुखडा स्लो मोशनमध्ये हवा झाला. सेकंदाला ५० फ्रेमने शूट करून २५ वर चालवायचं, म्हणजे हालचाल निम्म्या वेगाने दिसणार. तेव्हा ओठ जुळायचे असतील तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं आणि गाणाऱ्याने दुप्पट वेगानेच तोंड हलवायचं. हे त्याला माहीत होतं, एवढं श्रेय देते. मी रात्रीच ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचा स्पीड दुप्पट करून ठेवला होता. सकाळी साडेसातला घाटावर स्पीकरमधून बालकवी चिरक्या आवाजात सुरू झाले. गाणारा पायरीवर शाल पांघरून गंभीर चेहऱ्याने भराभरा तोंड हलवतोय. खालच्या पायरीवर धुणं बडवणाऱ्या एका आजीचा हात थांबला. "आरं पोरांनो, काय लावलंयसा ह्ये? उंदीर गातोय व्हय?" गाणारा फुटला. तो जो हसत सुटला तो दहा मिनिटं. त्या हसण्याचा शॉट मी शेवटी व्हिडिओत घेतला आणि अख्ख्या व्हिडिओत बघण्यासारखा तेवढाच एक आहे.

जानेवारीत पक्कं गाणं आलं. पेन ड्राइव्ह देताना गाणारा म्हणाला, "ट्रॅक म्हणजे विषय हार्ड झालाय." खरंच झाला होता. तबला आला होता, बासरी आली होती. एडिटच्या टाइमलाइनवर, शॉटांखाली टाकलं. पहिल्या शब्दाला ओठ जुळले. ओळ संपताना जरा मागे पडल्यासारखे वाटले. अंतऱ्यापर्यंत कानाला एक शब्द येत होता आणि तोंड आदल्या शब्दावर होतं. मला वाटलं माझंच चुकलं, सगळं पुसून परत लावलं. रात्री दोनला दोन्ही गाणी एकाखाली एक ठेवली तेव्हा दिसलं की नवीन गाणं ३ मिनिटं १२ सेकंदांत संपतंय. स्टुडिओवाल्याला ९६ ची लय रेंगाळल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी ती १०० केली होती. ठोके तेवढेच, ३२०, पण ८ सेकंद गायब. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

गाणाऱ्याला फोन केला तर, "चारच बीपीएमचा फरक हाय, बघून घे की एडिटमध्ये."

चार बीपीएम म्हणजे चार टक्के. पाच सेकंदांच्या शॉटच्या शेवटी ओठ पाच फ्रेम मागे पडतात. एक-दोन फ्रेम कुणाला कळत नाहीत, पण पाच फ्रेम मागे पडले की माझ्या आईलासुद्धा कळतं, आणि ती टीव्ही स्वयंपाकघरातून बघते. कॅमेरावाल्याचा उपाय तयार होता. "स्पीड एकशेचार टक्के मार, विषय संपला." आजही भेटला की हेच म्हणतो. तर ह्या निमित्ताने हे उत्तर त्यालाही. स्पीड मी मारला होता, १०४.१७, पुढच्या आकड्यांसकट. त्याने दोन गोष्टी झाल्या. एक, २५ फ्रेमच्या फुटेजचा वेग तेवढा वाढवला की दर पंचविसातली एक फ्रेम गळते. स्थिर शॉटमध्ये ते समजत नाही, पण तुझे ते पुलावरून देवळांवर येणारे लांबलचक पॅन, म्हणजे कॅमेरा वळवत घेतलेले शॉट, सेकंदासेकंदाला उचकी लागल्यासारखे दिसायला लागले. दोन, गाणं नुसतं जलद झालं नव्हतं, नव्याने गायलेलं होतं. हॉस्टेलच्या खोलीत तो ओळीच्या शेवटी सरळ थांबत होता, स्टुडिओत त्याने तिथे मुरकी, म्हणजे सुरांची छोटी गिरकी, घेतली. ती मुरकी घाटावरच्या ओठांत कुठून आणू?

शेवटी ओठ दिसत होते तिथे पाठमोरे शॉट टाकले, पाणी टाकलं, बगळे टाकले. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "गायकापेक्षा बगळे जास्त दिसतायत." मी तोंड उघडायच्या आत कॅमेरावाला म्हणाला, "सर, एडिटला जरा वेळ कमी पडला." दिग्दर्शकाने मान डोलावली. मार्क सगळ्यांना सारखेच पडले, प्रश्न मार्कांचा नव्हताच.

असो. तुमचं बघू.

गाणं आज लॉक करा. उद्या नाही, आज. ज्या कच्च्या गाण्यावर शूट केलंत त्याचा बीपीएम आणि लांबी गाणाऱ्याला लिहून द्या आणि सांगा की फायनल रेकॉर्डिंग ह्याच क्लिकवर, ह्याच रचनेत. वाद्यं हवी तेवढी वाढव, आवाज खालीवर कर, पण लय आणि ओळींमधल्या जागा हलवायच्या नाहीत. फाइल आली की जुन्या गाण्याखाली ठेवा, पहिला ठोका जुळवा आणि थेट शेवटच्या ठोक्यावर जा. तो जुळला तर मधलं बहुधा जुळतं. नाही जुळला तर फाइल परत पाठवा. भांडण होईल, होऊ द्या.

मग एका कागदावर गाण्याच्या ओळी उतरवा, प्रत्येक ओळीसमोर ती गाण्यात कितव्या सेकंदाला येते ते. आता फुटेज बघत बघत ज्या ओळीसाठी ओठ जुळलेला चांगला शॉट आहे तिच्या बाजूला उभी रेघ मारा, दोन असतील तर दोन रेघा. अर्ध्या तासात कळेल की मुखड्यावर आठ रेघा आहेत आणि दुसरा अंतरा कोरडा आहे. नियोजन म्हणतात ते हेच, फक्त ते शूटच्या आधी करायचं असतं. रंगीत स्टोरीबोर्ड फाइलला लावायला बरे दिसतात. सेटवर ते उघडून बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कोरड्या ओळींसाठी अर्धा दिवस परत शूट करा. नवीन लोकेशन शोधत बसू नका. एकाच जागी अख्खं गाणं तीनदा घ्या, एकदा लांबून, एकदा कमरेपासून वर, एकदा फक्त चेहरा, मध्ये न थांबता. ओळ चुकली तरी गात राहायचं. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला ज्या फोनवर गाणं वाजतंय त्याची स्क्रीन, सेकंद पळताना दिसतील अशी, लेन्ससमोर धरा. कॅमेऱ्याचा माइक चालू असेल तर सॉफ्टवेअर आवाजावरून आपोआप जुळवतं, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत स्लो मोशनला आवाज रेकॉर्डच होत नाही, आणि झाला तरी दुप्पट वेगाचं गाणं मूळ गाण्याशी जुळत नाही. तिथे ती पळती स्क्रीनच कामाला येते. कुणीतरी एकाने वही धरायची. कॅमेरावाला हसला तरी धरायची.

पहिला कट विस्कळीत वाटतो त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. गाणं एका ओळीत असतानाच तुम्ही गच्चीवरून थेट तलावावर उडी मारता. जागा बदलायची ती गाणं बदलतं तिथे, मुखडा संपून अंतरा लागताना किंवा मधल्या म्युझिकवर. एवढं एक केलंत तरी निम्मा कट सुधारेल. दुसरं, प्रत्येक ठोक्यावर कापू नका. सगळे नवशिके कापतात, मीही कापत होते, वीस सेकंदांत बघणारा दमतो. गाणारा श्वास घेतो, मान वळवतो, पापणी उचलतो, तिथे कापा. आणि एकदा आवाज बंद करून अख्खा कट बघा. कंटाळा कुठे येतो ते गाणं चालू असताना लपून जातं.

ड्रोनचे शॉट काढून टाका. चार आहेत म्हणता, एक ठेवा, तोही सुरुवातीला. गाणारा माणूस मुंगीएवढा दिसत असेल तर तो काय गातोय याच्याशी कुणाला देणंघेणं राहत नाही. शिवाय तिथे ड्रोन उडवायला परवानगी आहे का, हे सरकारच्या हवाई झोनच्या नकाशावर कुणी बघितलं होतं का?

सॉफ्टवेअर कुठलं, हे विचारलंत. दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, कॉलेजच्या कामाला पुरून उरतं. फोनवर शूट केलेल्या क्लिप लांब टेकमध्ये गाण्यापासून हळूहळू सरकतात, कारण फोन फ्रेमरेट कमीजास्त करत राहतो. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून ठरावीक फ्रेमरेटला काढून घ्या. ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा म्हणजे चित्र लुकलुकत नाही, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. बाकी तुम्हाला माहीत असेलच.

आणि हक्कांचं मी वर बालकवींच्या जोरावर फार सोपं करून टाकलं. जुन्या कवितेचे शब्द मोकळे असतात, पण तिची कुणी दिलेली चाल आणि कुणी काढलेलं रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे. तुमचं गाणं जुन्या गाण्याचं कव्हर असेल तर यूट्यूबवर टाकायच्या आधी सरांशी बोला.

प्रामाणिकपणे आणखी एक लिहायला हवं. १०० ची लय खरंच चांगली होती. गाणं त्याने उठलं, आणि १०० बीपीएमचा एक ठोका सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर नेमका १५ फ्रेमचा येतो, एडिटरला याहून सोयीचं काही नाही. शिवाय ९६ ला १०० म्हणजे २४ ला २५. आम्ही २४ फ्रेमने शूट केलं असतं तर तेच फुटेज २५ चं आहे असं सॉफ्टवेअरला सांगून एकही फ्रेम न गळता वेग बरोबर जुळला असता. हे मला चार वर्षांनी कळलं. मुरकीचा प्रश्न तरीही राहिला असता. कॅमेरावाल्याला हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तो असली उत्तरं वाचत नाही.

तो आता लग्नं शूट करतो, एडिटला माझ्याकडेच पाठवतो. नोंद अजूनही करत नाही. त्याच्यासाठी माझा दर दीडपट आहे, का ते त्याने कधी विचारलेलं नाही.

तुम्ही प्रश्नात कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलंय, दोन्ही लेन्स लिहिल्यात, ड्रोन कुणाच्या काकांचा आहे तेही लिहिलंय. एडिट कोण करतंय ते मात्र कुठे सापडलं नाही. दोन्ही दिवस ती व्यक्ती शूटला होती का?