वाचक विचारतात : चाकावरच्या मेणबत्त्या

प्रश्न : नाताळाआधी चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे ठेवतात. ती पद्धत एका जर्मन अनाथाश्रमातली, हे खरे का? (वसई)

उत्तर : खरे आहे, फक्त ‘अनाथाश्रम’ हा शब्द नेमका नाही. हॅम्बर्गजवळच्या होर्न गावातल्या ‘राउएस हाउस’ या ल्युथरन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) संस्थेतली ही गोष्ट. तिथल्या अनेक मुलांचे आईबाप हयात होते, पण दारिद्र्याने किंवा दारूने घर मोडलेले होते. हॅम्बर्गच्या सेंट गेऑर्ग वस्तीतल्या रविवारच्या शाळेत शिकवताना योहान हिन्रिख विखर्न या तरुणाने अशी घरे जवळून पाहिली. हॅम्बर्गचे वरिष्ठ अधिकारी कार्ल सीव्हेकिंग यांनी त्याला होर्नमधले एक जुने घर दिले. १८३३च्या ऑक्टोबरअखेर तो आईसह तिथे राहायला गेला आणि वर्ष संपेपर्यंत १२ मुलगे दाखल झाले.

नाताळ किती दिवसांवर आला, हे मुले सारखी विचारत. म्हणून १८३९ साली विखर्नने लाकडी चाकावर रविवारच्या ४ मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या २० छोट्या लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक जास्त पेटायची. हिरवा पाला नंतर आला आणि घरोघरी पोचताना फक्त चार मोठ्या मेणबत्त्या उरल्या.

प्रश्न : संस्थेच्या नावाचा अर्थ ‘खडबडीत घर’ असा का? (पुणे)

उत्तर : तो गैरसमजच. पूर्वीच्या मालकाचे नाव रुगे, म्हणून स्थानिक बोलीत ‘रुगेस हूस’, म्हणजे रुगेचे घर. त्या बोलीत ‘रुग’ म्हणजे खडबडीतही; प्रमाण जर्मनमध्ये नेताना दुसरा अर्थ चिकटला.

प्रश्न : तिथल्या कामात वेगळे काय होते? (नाशिक)

उत्तर : घरांची रचना. त्या काळी अशा मुलांना मोठ्या कोंडवाड्यासारख्या इमारतीत एकत्र ठेवत. विखर्नने १० ते १२ मुलांचे एक ‘कुटुंब’ केले आणि प्रत्येक कुटुंबाबरोबर एक तरुण मदतनीस राहायला ठेवला. या मदतनीसांना ‘भाऊ’ म्हणत. आवाराला कोट नाही, दाराला अडसर नाही. मागच्या गुन्ह्यांचा हिशेब आल्या दिवशीच मिटवायचा, अशी पद्धत. मुले वाढली तशी नवी घरे उभी राहिली. शाळेच्या जोडीला शेती, सुतारकाम, शिवणकाम, चांभारकाम, पुढे छापखानाही.

यातली खरी दूरदृष्टी भावांच्या प्रशिक्षणात होती. ल्युथरन सेवाकार्यातला डीकनचा, म्हणजे चर्चच्या प्रशिक्षित सेवकाचा, पेशा इथे घडला. दुखणेही तिथेच. भाऊ तयार झाला की त्याला दुसऱ्या कामावर पाठवत आणि कुटुंबाला नवा भाऊ यायचा. घरपण माणसावर उभे करायचे आणि तोच माणूस हलवायचा, हा पेच आजच्या बालगृहांनाही ओळखीचा वाटेल. बर्लिनच्या मोआबिट तुरुंगात भाऊ पहारेकरी झाले, तेव्हा तर प्रशियाच्या संसदेत टीका झाली. ती अगदीच निराधार नव्हती, कारण कैद्याला भावाचा उपदेश ऐकायचा की नाही हे ठरवायची मुभा कुठे असते?

जर्मनीतल्या विटेनबर्ग इथे २२ सप्टेंबर १८४८ रोजी विखर्नने चर्चने असे काम आपले मानावे म्हणून भाषण केले. त्यातून ‘अंतर्गत मिशन’ची, म्हणजे देशातल्याच गरजूंसाठीच्या सेवाकार्याची, मध्यवर्ती समिती निघाली. जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या आजच्या ‘डियाकोनी’ या समाजसेवा संस्थेचे एक मूळ ते. होर्नचे आवार १९४३च्या बॉम्बहल्ल्यांत बहुतांश उद्ध्वस्त झाले, पुन्हा उभे राहिले आणि काम आजही चालू आहे.

प्रश्न : मूळ पद्धतीचे चाक शाळेत करायचे आहे. मेणबत्त्या किती? (अहिल्यानगर)

उत्तर : मोठ्या ४ ठरलेल्या, छोट्या दरवर्षी बदलतात. नाताळ रविवारी आला तर २४, सोमवारी आला तर १८, मंगळवारी १९, असे वाढत शनिवारी २३. मोजणी नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होते आणि २४ डिसेंबरला संपते.

चाक एक मीटर व्यासाचे घ्या. लहानमोठ्या मिळून २४ मेणबत्त्या असल्या तर त्यांच्यात सुमारे १३ सेंटिमीटर अंतर राहते. ६० सेंटिमीटरच्या चाकावर ते आठाच्या आत येते आणि शेजारच्या आचेने बारीक मेणबत्त्या वाकतात. पहिली मेणबत्ती सर्वांत जास्त जळते : रोज १० मिनिटे धरली तरी जास्तीत जास्त २८ संध्याकाळींत सुमारे पावणेपाच तास. ती जाडच हवी. प्रत्येकीखाली पत्र्याची वाटी बसवा. पाला लावलात तर तो आपल्या हवेत लवकर वाळतो आणि चटकन पेट घेतो. दर आठवड्याला बदला, नाहीतर लावूच नका. मूळ चाकाला तो नव्हताच.