विनिपेगच्या हिवाळ्यासाठी पुण्यातून काय न्यावे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पत्नी आणि सात वर्षांच्या मुलासह कोथरूडहून कॅनडातल्या विनिपेगला जायचे आहे, तर जाड जॅकेटे, स्वेटर आणि बूट पुण्यातच घेऊन ठेवावेत का, असे आपण विचारले आहे. अकरा वर्षांपूर्वी मी नेमके तेच केले होते आणि त्यातली बहुतेक खरेदी महिन्याभरात कपाटात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्यात पारा आठ-नऊ अंशांवर आला की कानटोप्या निघतात. विनिपेगला जानेवारीत उणे २५ म्हणजे कोणी दखलही घेत नाही असा दिवस. मात्र खरा त्रास वाऱ्याचा असतो. उणे २५ तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे ३९ इतकी जाणवते आणि नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. (तसा पांढरा चट्टा दिसल्यास चोळू नये, घरात येऊन कोमट पाण्याने हळूहळू ऊब द्यावी.) आईने विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी वारा त्याच्या विणीतून थेट आत शिरतो, पण त्यावर वारा अडवणारे साधे पातळ जॅकेट चढवले की त्याच स्वेटरची ऊब टिकते. आपल्या गोधडीचेही तेच आहे. तिची ऊब जुन्या लुगड्यांच्या थरांत अडकलेल्या हवेची असते.

तेव्हा थर महत्त्वाचे. अंगालगत सुती काही नको, कारण सुती बनियन घाम धरून ठेवते आणि बस गाठायला दोन मिनिटे धावलात तरी थांब्यावर पाठ गार पडते. मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे थर्मल घ्यावे, त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचे जॅकेट) किंवा घरचा स्वेटर आणि वरून पार्का, म्हणजे मांडीपर्यंत येणारा, टोपी असलेला जाड कोट. घरे, दुकाने आणि कार्यालये आतून वीस-बावीस अंशांवर तापवलेली असतात, त्यामुळे वरचे थर चटकन काढता आले पाहिजेत.

पायांची गोष्ट मला अनुभवाने कळली. पहिल्या जानेवारीत मी लक्ष्मी रस्त्यावर घेतलेल्या चामडी बुटांत दोन जोड मोजे कोंबून थांब्यावर उभा राहिलो. बूट इतके घट्ट झाले की आत हवेला जागा उरली नाही, रक्त नीट फिरेना, आणि वीस मिनिटांनी बोटे आहेत की नाहीत हेच समजेना. आत काढता येणारे नमद्याचे अस्तर असलेले, एक माप मोठे बूट तिथेच घ्यावेत आणि रोज रात्री अस्तर बाहेर काढून वाळवावे. हातांसाठी चार बोटे एकत्र राहणारे मिटन घ्या. पाचही बोटे सुटी ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा ते अधिक उबदार असतात.

वहिनींना साडीची काळजी वाटत असेल, तर तीही मिटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे बायका साडीच्या आत थर्मल, वरून लांब पार्का आणि पायांत बर्फाचे बूट अशा येतात. निऱ्या वर खोचलेल्या असतात आणि चपला पिशवीत. मुलासाठी बर्फात खेळायची पँट आणि जॅकेट लागेलच, कारण शाळा उणे वीसमध्येही मुलांना मधल्या सुट्टीत बाहेर सोडते. मुलांचे कपडे वर्षभरात आखूड होतात, म्हणून ते जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेण्यात काही कमीपणा नाही.

थोडक्यात, पुण्याहून थर्मलचे दोन-दोन जोड आणि घरातले स्वेटर न्या. पार्का व बूट तिथे घ्या. विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत ट्रेकसाठी मिळते तसे वारा अडवणारे जॅकेट चालेल, फक्त न्यायला गाडी येईल एवढे पाहा.

मी महिनाअखेरपर्यंत पुण्यातच आहे. येताना अंगावर घालून आलेला पार्का सदाशिव पेठेतल्या घरी दारामागे टांगलेला आहे. रविवारी सकाळी या आणि तो चढवून पाहा, म्हणजे आपल्याला कोणते माप लागेल ते कळेल. पंखा मात्र चालू ठेवावा लागेल.