पाय माझे जळतात आणि नवरा म्हणतो नखरे

मार्दोळच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आहे. वय 46, शुगर बरीच वर्षं. देवळाजवळ जायांचे हार विकते. रात्री तळव्यांची आग आग होते, चादर लागलेली पण सहन होत नाही, मध्येच सुया टोचतात. नवरा म्हणतो, दिवसभर धंद्यावर बरी असतेस, झोपायच्या वेळीच कसं दुखतं गं तुझं? ती गुपचूप पेनकिलर घेते, गरम पाण्यात पाय बुडवून बसते आणि विचारते, मावशी, हे माझ्या मनाचे खेळ का?

नाही गं बाय. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होतात, न्युरोपथी म्हणतात ती हीच, आणि ती रात्रीच जास्त छळते हे कुठलाही डायबेटिसचा डॉक्टर सांगेल. आणि तू एकटी नाहीस, 2023 साली आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा, मोठा सर्व्हे आला त्यात डायबेटिसमध्ये आपला गोवा देशात पहिला, 26.4 टक्के! (कशात पहिला नंबर काढावा त्यालाही काही आहे की नाही.)

आता पेनकिलर. त्या साध्या गोळ्या नसांच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत आणि रोज घेतल्या तर किडनीची वाट लागते, शुगरवाल्यांची तर आधीच नाजूक. याला प्रीगॅबॅलिन, ड्युलॉक्सेटिन अशी वेगळी औषधं असतात, डॉक्टर कमी डोसने सुरू करतात, फरक पडायला काही आठवडे जातात, सुरवातीला झोप येते, गुंगी येते तेव्हा स्कूटर जपून. शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेत असशील तर बी-12 तपासून घे, ते त्याने कमी होऊ शकतं आणि मग मुंग्या त्याच्याही असतात. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नको.

पण मला खरी भीती वाटते ती गरम पाण्याची. जो पाय चादरीने कळवळतो ना, त्याच पायाला एखाद्या जागी चटका बसला तरी कळत नाही. पाणी आधी कोपराने बघायचं, खरं तर बुडवूनच ठेवू नको. एप्रिल-मेच्या दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको, सकाळी लवकर जा, म्हाळसा काही रागवायची नाही. घट्टा पडला तर ब्लेडने कापायचा नाही. आणि पायाला बारीकशी जखम जरी दिसली तरी हळद लावून दोन दिवस बघूया असं करू नको, लगेच दाखव.

नवऱ्याला काम दे. रोज रात्री मोबाईलचा टॉर्च मारून तुझे तळवे आणि बोटांच्या फटी त्याने बघायच्या, फोड, चीर, लाली काय आहे ते. फोंड्याच्या हॉस्पिटलात नाहीतर बांबोळीला मेडिकल कॉलेजात पाय तपासायला जाशील तेव्हा त्यालाही घेऊन जा. तळव्याला नायलॉनचा धागा टेकवून विचारतात, कळलं का म्हणून, पाच मिनिटांचं काम. धागा टेकलेला आणि तू काही न कळून डोळे मिटून गप्प बसलेली, हे त्याला दिसू दे. फक्त बाहेर गाडीत बसवून ठेवू नको हं, आत ने.