प्रादेशिक संस्कृतीमुळे मारामाऱ्या आणि खुनांचं प्रमाण बदलतं का?

हो, बदलतं, पण सगळ्याच हिंसेत नाही. अपमान आणि इज्जतीवरून होणाऱ्या हिंसेत फरक जास्त दिसतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डोव्ह कोहेन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९९६ सालच्या प्रयोगात मुद्दाम धक्का मारून शिवी दिल्यावर दक्षिणेकडच्या विद्यार्थ्यांच्या शरीरात कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (आक्रमकतेशी जोडलं जाणारं हार्मोन) उत्तरेकडच्यांपेक्षा जास्त वाढलं. अपमान गिळला तर लोक दुबळा समजतील, ही भीती तिथे लहानपणापासून मुरलेली असते. पुण्यात ‘माझ्याकडे का बघितलंस’ एवढ्यावरून कोयते निघतात, त्यातही मला हीच भीती दिसते. मात्र त्यावरून अमुक भागातली माणसंच तशी, असं म्हणणं अन्यायाचं आहे; बेकारी, दारू, पोलिसांवरचा अविश्वास हेही बघावं लागतं. दोन राज्यांची तुलना करायचीच तर खुनांचे आकडे घ्या, कारण मारहाणीच्या कितीतरी तक्रारी चौकीपर्यंत पोचतच नाहीत.