बिझनेस स्कूलचे निबंध: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एमबीएच्या अर्जातल्या निबंधांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. प्रश्न आणि वर्ड लिमिट दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळे लिहायला बसण्यापूर्वी त्या वर्षीचा अर्ज उघडून पाहावा.

प्रश्न: मी सहा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत आहे. माझ्यासारखेच हजारो जण अर्ज करत असणार. जे काही केलं ते सगळं रिझ्युमेत आलंय. मग निबंधात वेगळं काय लिहायचं?

रिझ्युमे सांगतो काय झालं. ते होत असताना तुमच्यासमोर दुसरा कोणता रस्ता होता आणि तो तुम्ही का सोडलात, हे रिझ्युमेत कधीच येत नाही. निबंध त्यासाठी असतो. प्रवेश समितीला तुमचं यश मोजायचं नसतं, ते आकडे आधीच त्यांच्यासमोर असतात. अपुरी माहिती, कमी वेळ आणि मतभेद असताना तुम्ही निर्णय कसा घेता, हे त्यांना पाहायचं असतं. पुढची दोन वर्षं वर्गात तेच करायचं आहे.

म्हणून सुरुवात लिहिण्यापासून करू नका, यादीपासून करा. नोकरी, शिक्षण, घर, छंद, स्वयंसेवा, कुठलेही बारा-पंधरा प्रसंग काढा आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहा: पेच काय होता, माझ्यासमोर पर्याय कोणते होते, मी कोणता निवडला आणि का, आणि त्याची किंमत काय पडली. दुसऱ्या ओळीत एकच पर्याय असेल तर तो प्रसंग कितीही भव्य असला तरी खोडा. पुरस्कार मिळाला, बढती मिळाली, मोठ्या ग्राहकानं कौतुक केलं, अशा घटना इथेच गळतात, कारण त्या तुमच्या बाबतीत घडलेल्या असतात, तुम्ही घडवलेल्या नसतात. यादीत साधारण चार-पाच प्रसंग उरतात. तेवढे पुरतात.

एक उदाहरण घ्या. बहुतेकांच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये असं वाक्य असतं: ‘मी बारा जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, प्रोजेक्ट वेळेत पूर्ण केला आणि ग्राहकाचा खर्च २० टक्क्यांनी कमी केला.’ यात चुकीचं काही नाही, पण हे वाक्य त्याच दिवशी वाचलेल्या आणखी कितीतरी अर्जांत शोभेल. आता तोच प्रसंग असा लिहून पाहा: ‘ठरलेली तारीख गाठायची तर चाचणीचा शेवटचा टप्पा गाळावा लागणार होता. माझ्या वरिष्ठांची तयारी होती. पण त्या सिस्टिमवरून लोकांचे पगार निघणार होते. मी दोन आठवडे मागितले, आणि ते ग्राहकाला मीच फोन करून सांगितलं. पुढच्या टप्प्याचं काम त्यांनी आम्हाला लगेच दिलं नाही.’ इथे आकडा एकच आहे, शेवट गोड नाही, तरी माणूस दिसतो. शेवटचं वाक्य काढून टाकण्याचा मोह होईल. काढू नका. किंमत दिसली की निर्णय खरा वाटतो.

‘आम्ही’ आणि ‘मी’ यांचाही हिशेब ठेवा. ड्राफ्ट छापून दोन्ही शब्दांखाली दोन रंगांच्या रेघा मारा. पान ‘आम्ही’नं भरलं असेल तर तुमचा वाटा कळणार नाही. सगळीकडे ‘मी’च असेल तर तुमच्याबरोबर काम करणं अवघड आहे असं वाटेल. पेच सांगताना ‘आम्ही’ आणि निर्णय सांगताना ‘मी’, ही वाटणी सहसा जमते.

प्रश्न: शॉर्ट-टर्म आणि लाँग-टर्म गोल विचारतात. खरं सांगायचं तर माझं नक्की ठरलेलं नाही. सगळे लिहितात तसं ‘कन्सल्टिंग’ लिहून मोकळं व्हावं का?

कन्सल्टिंग लिहिण्यात गैर काही नाही. त्यावर थांबण्यात आहे. एमबीएनंतर लगेचच्या कामाबद्दल लिहिताना चार गोष्टी हव्यात: हुद्दा, क्षेत्र, कशा प्रकारची संस्था, आणि तिथे कोणता प्रश्न हाताळायचा आहे. ‘मला कन्सल्टंट व्हायचंय’ यात एकच गोष्ट आहे. ‘रुग्णालयांच्या खरेदी आणि पुरवठा व्यवस्थेवर काम करणाऱ्या कन्सल्टिंग गटात असोसिएट’ यात चारही आहेत.

इतकी बारीक चौकशी का, असा प्रश्न पडेल. बहुतेक नामांकित संस्था आपल्या पदवीधरांपैकी किती जणांना पदवीनंतर तीन महिन्यांत नोकरीचा प्रस्ताव मिळाला, हे दर वर्षी जाहीर करतात. त्यामुळे ‘या उमेदवाराला हे काम मिळेल का?’ हा प्रश्न निबंध वाचतानाच विचारला जातो. तुमचा आजवरचा अनुभव आणि ते पहिलं काम यांच्यात उडी फार मोठी असली, तर ती कशी घेणार हे तुम्हीच लिहिलं पाहिजे.

ठरलेलं नसेल तर ठरवण्याचा सोपा मार्ग: ज्या हुद्द्याचा विचार करताय त्या हुद्द्यावर आज असलेल्या तिघांशी प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं बोला. आठवड्याचा वेळ कशात जातो, नवा माणूस कुठे अडखळतो, एवढंच विचारा. तिसऱ्या संभाषणानंतर तुमच्यात कोणती दोन कौशल्यं कमी आहेत ते कळतं. ती दोन कौशल्यं म्हणजेच ‘एमबीए कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर. लाँग-टर्म गोल थोडा धूसर असला तरी चालतो. पण तो पहिल्या कामातून निघायला हवा, आभाळातून पडायला नको. ‘समाजासाठी काहीतरी’ हे निबंधाच्या शेवटच्या ओळीत अचानक उगवतं, आणि आधीच्या पानावर त्याचा मागमूस नसतो. असं असेल तर ती ओळ खोडा.

हे लिहून दिलं म्हणून तुम्ही कायमचे बांधले जात नाही. प्रवेशानंतर अनेक जण दिशा बदलतात आणि संस्थांना ते ठाऊक असतं.

प्रश्न: पाच ठिकाणी अर्ज करतेय. एकच निबंध नावं बदलून वापरला तर?

कळतं. ‘हीच संस्था का?’ या परिच्छेदात संस्थेचं नाव झाकून दुसऱ्या संस्थेचं घाला. परिच्छेद तरीही खरा वाटला, तर तो कुठल्याच संस्थेसाठी लिहिलेला नाही. ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक, वैविध्यपूर्ण वर्ग, भक्कम माजी विद्यार्थी जाळं’ ही वाक्यं त्यांच्याच माहितीपत्रकातून त्यांनाच परत जातात.

उलट टोकाची चूकही तितकीच आढळते: संस्थेच्या वेबसाइटवरचे आठ विषय, चार क्लब आणि तीन प्राध्यापकांची नावं ओळीनं. दोन किंवा तीन गोष्टी घ्या आणि प्रत्येक गोष्ट वरच्या उत्तरात काढलेल्या उणिवेशी जोडा. अमुक कौशल्य नाही, ते अमुक विषयात मिळेल, आणि त्या वर्गाला माझ्याकडून अमुक मिळेल. प्राध्यापकाचं नाव घालायचं असेल तर ते त्या वर्षी शिकवतायत का ते पाहून घ्या, रजेवर असलेल्या किंवा संस्था सोडून गेलेल्या माणसाचं नाव पाहिलं की अर्ज घाईत भरल्याचं उघड होतं. आजी विद्यार्थ्यांशी बोलणं झालं असेल तर नुसतं ‘बोललो’ लिहू नका. त्या बोलण्यानं तुमचं कोणतं मत बदललं ते लिहा.

शिवाय प्रश्नांचे आकारच वेगळे असतात. स्टॅनफर्ड ‘तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, आणि का?’ असं विचारते. या आणि ‘स्टॅनफर्ड का?’ या दोन उत्तरांना मिळून सुमारे १००० शब्द, त्यातले ६५० पहिल्यासाठी, अशी त्यांची सूचना असते. हार्वर्डनं २०२४ मध्ये जुना मोकळा प्रश्न काढून तीन छोटे निबंध आणले, एक ३०० शब्दांचा आणि दोन २५० शब्दांचे. एमआयटीचं बिझनेस स्कूल असलेली स्लोन निबंधाऐवजी ३०० शब्दांचं कव्हर लेटर मागते. ६५० शब्दांचा निबंध छाटून ३०० चा करता येत नाही. छाटताना आधी तपशील जातात आणि विधानं उरतात, म्हणजे नको तेच राहतं. प्रसंग तोच ठेवा, मात्र कोरं पान घेऊन पुन्हा लिहा.

प्रश्न: अपयशाच्या प्रश्नात किती खरं बोलावं?

पूर्ण खरं, पण निवडून. ‘मी कामात फार परिपूर्णता शोधतो’ हे अपयश नाही. बाजार पडला, ग्राहकानं पैसे बुडवले, सहकारी सोडून गेला, हीही तुमची अपयशं नाहीत. चूक तुमची हवी आणि तिचा फटका दुसऱ्या कुणाला तरी बसलेला हवा. प्रामाणिकपणावरच शंका येईल असे प्रसंग मात्र इथे आणू नका. खोटी नोंद केली, नियम मोडला, असं काही असेल तर त्यातून शिकल्याचं कितीही सांगितलं तरी वाचणाऱ्याला शंकाच आठवते.

३०० शब्द असतील तर पार्श्वभूमी ५० शब्दांत आटपा. चूक आणि तुमचा त्या वेळचा तर्क यांना १०० द्या. तर्क महत्त्वाचा, कारण त्या क्षणी ते बरोबर का वाटलं हे कळल्याशिवाय चूक समजत नाही. परिणामाला ५० पुरतात. उरलेले १०० शब्द ‘मी शिकलो की…’ असल्या वाक्यांवर घालवू नका. काही महिन्यांनी तसाच पेच पुन्हा आला तेव्हा तुम्ही वेगळं काय केलंत, ते लिहा. असा दुसरा प्रसंगच नसेल तर हे अपयश अजून निबंधाला तयार नाही. दुसरं शोधा.

इथे एक दुवा अनेकांच्या नजरेतून सुटतो. बऱ्याच संस्था शिफारसपत्रासाठी जीमॅकचा (जीमॅट ही प्रवेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा) सामाईक नमुना वापरतात आणि त्यात वरिष्ठांना विचारलेलं असतं की उमेदवाराला दिलेला सर्वांत महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता आणि त्यानं तो कसा घेतला. तुमच्या निबंधातली उणीव आणि त्यांच्या पत्रातली उणीव अगदी एकच असायला नको, पण एकमेकींना खोटं पाडणारीही नको. त्यांचं पत्र पाहायला मागू नका. कुठले प्रसंग निबंधात घेतलेत तेवढं त्यांना आधी सांगा.

प्रश्न: माझं इंग्रजी साधं आहे. शैली कमी पडेल का?

नाही. साधं इंग्रजी हा दोष नाही, उसनं इंग्रजी हा आहे. कोशातून काढलेले जड शब्द आणि कुणा थोर माणसाच्या उद्धरणानं केलेली सुरुवात, दोन्ही काढा. निबंध मोठ्यानं वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

प्रश्न: पदवीच्या दुसऱ्या वर्षी गुण घसरले आणि नंतर नोकरीत सात महिन्यांचा खंड आहे. मुख्य निबंधात सांगावं का?

मुख्य निबंधात नको. बहुतेक अर्जांत ऐच्छिक निबंध असतो, तो याचसाठी. १०० ते १५० शब्दांत कारण, कालावधी आणि आता परिस्थिती सुधारल्याचा पुरावा, एवढंच. आजारपण होतं तर तसं लिहा, करुणा मागू नका. तेव्हा गणितात कमी गुण असतील तर नंतरच्या परीक्षेतला किंवा अभ्यासक्रमातला निकाल दाखवा. सध्याच्या वरिष्ठांची शिफारस का घेतली नाही, याचा खुलासाही इथेच येतो. सांगण्यासारखं काही नसेल तर जागा कोरी सोडा. मुख्य निबंधात न मावलेला प्रसंग इथे घुसवला की सूचना वाचल्या नाहीत असंच दिसतं.

प्रश्न: सल्लागाराकडून किंवा एआयकडून निबंध लिहून घेतला तर पकडलं जातं का?

उचललेला मजकूर तपासणाऱ्या प्रणाली संस्था कित्येक वर्षं वापरतायत. २०१२ मध्ये यूसीएलए या अमेरिकी विद्यापीठाच्या अँडरसन बिझनेस स्कूलनं याच कारणानं पन्नासच्या आसपास अर्ज फेटाळल्याच्या बातम्या आल्या होत्या. एआयबद्दल प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा आहे आणि तो बदलतोय. अर्जाच्या शेवटी जे प्रतिज्ञापत्र मान्य करता, तिथे हा नियम असू शकतो. न वाचता टिक करू नका.

पकडलं जाण्यापलीकडेही अडचण आहेच. हार्वर्डमध्ये मुलाखत घेणारा तुमचा पूर्ण अर्ज वाचून आलेला असतो. दुसऱ्यानं रचलेल्या प्रसंगावर तिसरा उपप्रश्न आला की उत्तर सुचत नाही. आणि एआयला तुमच्या प्रसंगातली किंमत ठाऊक नसते, त्यामुळे तो नेमकं तेच गुळगुळीत वाक्य लिहितो जे पहिल्या उत्तरात आपण खोडलं.

वाचायला मात्र जरूर द्या, पण दोघांनाच. एक तुम्हाला चांगलं ओळखणारा, त्याला विचारा: ‘हा मी वाटतो का?’ दुसरा तुमचं क्षेत्र न कळणारा, त्याला विचारा: ‘कुठे अडलास?’ सात जणांना दिलं तर सात सूचना येतात, आणि त्या सगळ्या पाळल्या की निबंध कुणाचाच राहत नाही.

प्रश्न: किती आधी सुरुवात करावी?

बऱ्याच मोठ्या संस्थांची पहिल्या राउंडची (अर्ज घेण्याच्या फेरीची) मुदत सप्टेंबरात आणि दुसऱ्याची जानेवारीच्या सुरुवातीला असते. मागे दहा आठवडे मोजा. पहिले दोन प्रसंगांच्या यादीला आणि संभाषणांना, पुढचे तीन पहिल्या संस्थेच्या निबंधांना. मग एक आठवडा निबंध न उघडता ठेवा. तो वाया जातोय असं वाटेल, पण समोरच्या चुकाही त्याशिवाय दिसत नाहीत. शिफारस देणाऱ्यांना किमान पाच-सहा आठवडे द्या, अर्ज रखडतो तो बहुधा त्यांच्यामुळेच.

शेवटच्या दिवशी पोर्टलचं काम वेगळं काढा. तुमच्या वर्ड प्रोसेसरची शब्दगणना आणि पोर्टलची गणना जुळतेच असं नाही, जोडरेघेचे शब्द कुठे एक धरतात, कुठे दोन. मर्यादेच्या पाच-सात शब्द आत राहा. मजकूर चिकटवल्यावर परिच्छेद एकत्र होतात, अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन येतात. सबमिट करण्याआधी पोर्टलनं तयार केलेली पीडीएफ उतरवून पहिल्या ओळीपासून वाचा आणि तुम्ही अर्ज करत असलेल्या इतर संस्थांची नावं त्यात चुकून राहिलीत का, ते एकेक करून शोधा.